डोकेदुखीवर विषाचे इंजेक्शन : घ्यावे की न घ्यावे?

आपल्याकडे डोकेदुखीला आजार मानण्याची पद्धत नाही. ताप आला तर अंगाला हात लावून बघता येतो, हात मोडला तर प्लास्टर दिसते. डोके दुखते ते कुणाला दिसत नाही. त्यामुळे दुखणारी बाई घरात आळशी ठरते, कामावर खाडे करणारी ठरते आणि पुढे पुढे तिला स्वतःलाही वाटू लागते की आपणच फार कौतुक करतो आहोत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांवर फिरताना कपाळाला फडके आवळून बांधलेल्या, कानशिलांना बाम चोळून खुरपायला निघालेल्या मायबहिणी आम्ही नेहमी पाहतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "काही नाही हो दादा, पित्त झालंय."

याच विषयावर इंदापूर तालुक्यातील एका भगिनीने आमच्याकडे विचारणा केली आहे. त्या शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसतात. गेली काही वर्षे त्यांचे डोके दुखते, आणि अलीकडे महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस दुखते. पुण्याला दाखवले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की, आता डोक्याला बोटॉक्सची इंजेक्शने घेऊन बघा. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "ती तर नट्या सुरकुत्या घालवायला घेतात." कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "आई, ते जगातलं सगळ्यात जहाल विष आहे." आणि पतीने खर्चाचा आकडा ऐकून दुसरा विषय काढला.

भगिनींचे तीन प्रश्न आहेत. हे खरोखर विष आहे का? त्याने गुण येतो का? आणि आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जावे का? आम्ही डॉक्टर नाही, कचेरीत हिशेब लिहिणारे माणूस आहोत. परंतु कागद वाचावा, आकडा तपासावा आणि मग सही करावी ही आमच्या धंद्याची सवय आहे. त्या सवयीने या प्रश्नाकडे पाहू.

हे पित्त नव्हे, अर्धशिशी

प्रथम आजार समजून घेऊ. अर्धशिशी, जिला डॉक्टर मायग्रेन म्हणतात, तिच्यात बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते. काहींना दोन्ही बाजू दुखतात. ठणका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. जिना चढला, ओझे उचलले की तो वाढतो. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, फोडणीचा वास सोसत नाही. मळमळते, उलटी होते. कुणाला दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा नागमोडी रेघा दिसतात. उलटी झाल्यावर बरेचदा हलके वाटते, म्हणून आपल्या आयाबाया म्हणतात की पित्त पडले. खरे म्हणजे उलटी हे या दुखण्याचे लक्षण आहे, कारण नव्हे. दुखण्याचे मूळ मेंदूत आणि चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहून नेणाऱ्या नसेत असते. पुष्कळ घरांत ते आईकडून मुलीकडे येते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते दुपटी-तिपटीने आढळते, आणि मासिक पाळीच्या आसपास जोर करते.

हे दुखणे किती पसरलेले आहे? शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू आणि भोवतालच्या खेड्यांत दोन हजारांहून अधिक लोकांना घरोघर जाऊन विचारले गेले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर शंभरांत पंचवीस जणांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाला होता. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखणारे शंभरांत तीन निघाले. आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल असे मानण्याचे कारण नाही. शंभर बायकांच्या मेळाव्यात पंचवीसेक जणी हे सोसत असतील आणि एकमेकींना सांगतही नसतील.

यातला पंधरा हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ, दर महिन्याला पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यातले किमान आठ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतील, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. ज्या इंजेक्शनाबद्दल आज आपण बोलतो आहोत ते फक्त या जुनाट प्रकारासाठी आहे. महिन्यातून तीन-चार वेळा डोके दुखणाऱ्यांवर त्याच्या चाचण्या झाल्या, त्यांत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही.

गोळीच दुखणे वाढवते तेव्हा

इंजेक्शनाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या मते निम्मी लढाई इथे आहे. मेडिकलच्या दुकानात जाऊन "डोक्याची गोळी द्या" म्हटले की गोळी मिळते. सकाळी एक घेतली, कामावर गेले, दुपारी दुसरी घेतली. दिवस निभावला. महिना गेला, वर्ष गेले. मग एक वेळ अशी येते की गोळीचा असर उतरला की डोके चढते आणि म्हणून पुन्हा गोळी घ्यावी लागते. याला गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात आणि ती मान्यताप्राप्त आजारांच्या यादीत आहे. साधी पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनसारखी गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी किंवा अर्धशिशीची खास गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर चालू राहिली की हा धोका सुरू होतो. शिवाय रोज वेदनाशामक गोळ्या खाल्ल्याने जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, ते वेगळेच.

यात त्या बाईचा दोष नाही. खाडा केला तर हजेरी जाते आणि गोळी पाच-दहा रुपयांत मिळते, तेव्हा कुणीही गोळीच घेईल. पण हे चक्र तोडल्याशिवाय पुढचा कोणताही उपचार नीट लागू पडत नाही. गोळ्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पहिले काही दिवस दुखणे वाढते, तेव्हा घरच्यांची साथ लागते.

विषाची हकीकत

आता पहिला प्रश्न. होय, मुलगा म्हणतो ते खरे आहे. बोटुलिनम हे माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. हवा न लागता साठवलेल्या, नीट न शिजवलेल्या अन्नात एक जंतू वाढतो आणि तो हे विष तयार करतो. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी बिघडलेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे मरत. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८१७ ते १८२२ या काळात अशा रोग्यांची बारकाईने नोंद केली. पापण्या पडतात, गिळता येत नाही, हातपाय लुळे होतात आणि शेवटी श्वास थांबतो, हे त्याने लिहून ठेवले. विशेष म्हणजे, स्नायूंचा अतिरेक जिथे रोग ठरतो तिथे हेच विष अगदी थोडे देऊन औषध होऊ शकेल, असा विचारही त्याने मांडला. पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला जमलेले लोक खारवलेले डुकराचे मांस खाऊन आजारी पडले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने तो जंतू शोधून काढला.

औषध म्हणून त्याचा उपयोग करून दाखवला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरने. तिरळ्या डोळ्याचा ओढणारा स्नायू सैल करण्यासाठी त्याने हे विष अत्यल्प प्रमाणात टोचले. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी त्याला परवानगी दिली. कपाळाच्या सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली ती नंतर, २००२ साली. म्हणजे शेजारणीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हे औषध आधी आजारासाठी आले आणि सौंदर्यासाठी नंतर. १९९० च्या दशकात सुरकुत्यांसाठी ही इंजेक्शने घेणाऱ्या काही जणी सांगू लागल्या की आमची डोकेदुखीही कमी झाली. तिथून या उपचाराचा शोध सुरू झाला.

विष आणि औषध यांत इथे फरक आहे तो मात्रेचा. इंजेक्शनातले विष एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यातले मोजके भाग घ्यावेत इतके कमी असते. ते टोचलेल्या जागी मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि तिथून बाहेर पडणारी रसायने अडवते. स्नायूला आखडण्याचा निरोप पोचत नाही म्हणून तो सैल पडतो. तसेच वेदनेचा निरोप नेणारी रसायनेही अडतात. अर्धशिशीत गुण येतो तो मुख्यतः या दुसऱ्या कारणाने, असे शास्त्रज्ञ मानतात. असर कायमचा नसतो. सुमारे तीन महिन्यांनी तो ओसरतो आणि इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात.

इंजेक्शने देतात कशी

'डोक्यात इंजेक्शन' म्हटले की मेंदूत सुई घालतात असे वाटून माणूस घाबरतो. तसे नसते. अगदी बारीक सुईने कातडीखालच्या स्नायूंत थेंबथेंब औषध टोचतात. दोन भुवयांच्या मध्ये, कपाळावर, दोन्ही कानशिलांवर, डोक्याच्या मागे, मानेवर आणि खांद्यांच्या वरच्या भागात मिळून ३१ जागी टोचतात. एकूण मात्रा १५५ युनिट असते. गरज वाटली तर डॉक्टर आणखी काही जागी टोचून ती १९५ युनिटपर्यंत नेतात. भूल द्यावी लागत नाही, भरती व्हावे लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम होते. दर बारा आठवड्यांनी हाच क्रम असतो. टोचलेली जागा त्या दिवशी चोळू नये.

त्रास काय होऊ शकतो? मान दुखणे हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे. काहींची पापणी काही आठवडे खाली येते. मान जड वाटते किंवा खांद्यांत अशक्तपणा येतो. शिलाई मशीनवर मान वाकवून बसणाऱ्या किंवा डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईने हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. क्वचित औषध दूर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो. तसे झाले तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. मायस्थेनियासारखा स्नायू दुबळे करणारा आजार असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते स्पष्ट सांगावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या अर्धशिशीसाठी त्याला मान्यता नाही.

आणखी एक इशारा. हे काम मेंदूविकारतज्ज्ञाचे किंवा या उपचाराचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे आहे. ब्यूटी पार्लरचे नव्हे. २०२४ साली अमेरिकेत बनावट बोटॉक्स टोचून घेतलेल्या लोकांना विषबाधा होऊन दवाखान्यात जावे लागले. तिथे हे घडते तर आपल्याकडे स्वस्तात कुणी देऊ केले तर आपण किती सावध राहिले पाहिजे?

गुण किती येतो

आता दुसरा प्रश्न, आणि इथे आम्हांला आकड्यांत बोलायचे आहे. या उपचाराच्या दोन मोठ्या चाचण्या उत्तर अमेरिकेत आणि युरोपात झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. दोन्ही मिळून १,३८४ रोगी होते. त्यांचे डोके महिन्यातले सुमारे वीस दिवस दुखत असे. निम्म्यांना खरे औषध टोचले, निम्म्यांना त्याच जागी नुसते मिठाचे पाणी टोचले. कुणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि टोचणाऱ्यालाही नव्हते. चोवीस आठवड्यांनी मोजले तेव्हा औषधवाल्यांचे महिन्याचे ८.४ दिवस कमी झाले होते. पाणीवाल्यांचे ६.६ दिवस कमी झाले होते. दुखण्याचे दिवस निम्मे किंवा त्याहून खाली आले असे लोक औषधवाल्यांत शंभरांत ४७ होते, पाणीवाल्यांत ३५ होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. एकीकडे, वीस दिवसांचे साडेअकरा झाले ही त्या बाईच्या दृष्टीने मोठी सुटका आहे. दुसरीकडे, त्यातला औषधाचा स्वतःचा वाटा महिन्याला दोन दिवसांहून थोडा कमी आहे. बाकीचा गुण कुणीतरी आपले दुखणे खरे मानले, नियमित तपासले, वेळच्या वेळी बोलावले यातूनही येतो, आणि काही दुखणी काळाने आपोआप उतरतात. शिवाय शंभरांतल्या निम्म्याहून अधिक जणांचे दिवस निम्म्यावर आले नाहीत, हेही त्यातच लिहिलेले आहे. म्हणून "एक इंजेक्शन, डोकेदुखी कायमची बंद" असे कुणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो.

या चाचण्यांचा खर्च औषध बनवणाऱ्या ॲलर्गन कंपनीनेच केला होता, हेही वाचकांना ठाऊक असावे. याच कंपनीने मान्यता मिळण्याआधीच डोकेदुखी वगैरेंसाठी बोटॉक्सचा प्रचार केला म्हणून अमेरिकन सरकारने तिच्यावर खटला भरला. सप्टेंबर २०१० मध्ये तिने ६० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. त्यानंतर दीड महिन्याने, १५ ऑक्टोबर २०१० रोजी, जुनाट अर्धशिशीसाठी अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली. इंग्लंडने ती त्याच वर्षी जुलैत दिली होती. औषध खरे आहे आणि व्यापारही खरा आहे. आपण दोन्ही ओळखून पाऊल टाकावे.

मग आधी काय करावे

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेकडून घेतो, कारण तिथे रोग्याच्या खिशातून नव्हे तर सरकारच्या तिजोरीतून खर्च होतो आणि सरकार तो तोलूनमापून करते. तिने २०१२ साली नियम केला. आधी किमान तीन प्रतिबंधक औषधे नीट घेऊन पाहिलेली असली पाहिजेत. गोळ्यांच्या अतिवापराचा बंदोबस्त केलेला असला पाहिजे. मगच इंजेक्शने द्यावीत. दोन वेळा देऊनही दुखण्याचे दिवस शेकडा तीसने कमी झाले नाहीत तर थांबवावीत. आणि गुण येऊन सलग तीन महिने दिवस पंधराच्या खाली राहिले तरीही थांबवावीत. म्हणजे हा उपचार पहिल्या पायरीचा नाही आणि जन्मभराचाही नाही.

प्रतिबंधक औषध म्हणजे दुखल्यावर घ्यायची गोळी नव्हे. दुखूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन अशी ही औषधे आहेत. ती जुनी आहेत आणि इंजेक्शनाच्या मानाने फार स्वस्त आहेत. प्रत्येकाची पथ्ये आहेत. दम्याच्या रोग्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. ॲमिट्रिप्टिलीनने झोप येते, म्हणून ती रात्री देतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीने टोपिरामेटविषयी आणि विशेषतः व्हॅल्प्रोएटविषयी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये, कारण ती पोटातल्या बाळाला बाधतात. म्हणून चिठ्ठीशिवाय कुठलीही घेऊ नये. आणि गुण कळायला दीड-दोन महिने लागतात. आपले लोक आठ दिवस घेतात, फरक पडला नाही म्हणून सोडतात आणि 'सगळी औषधे करून झाली' असे म्हणतात. ती करून झालेली नसतात.

यासाठी लगेच पुण्याला जायची गरज नाही. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. तिथे मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी पाठवले तर चिठ्ठी घेऊन ससूनला जावे. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून सुमारे एकशे चाळीस. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे, त्याचा लाभ घ्यावा.

परंतु रिकाम्या हाताने जाऊ नये. इथे आमच्या कारकुनी अनुभवातून एक सूचना. शाळेची चाळीस पानी वही घ्या. पानावर सहा रकाने आखा. तारीख. किती तास दुखले. ठणका कमी, मध्यम की असह्य. कोणती गोळी, किती. पाळीचा दिवस होता का, झोप झाली होती का, उपाशी होता का. आणि काम बुडाले का. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. ज्या दिवशी दुखले नाही त्या दिवशी शून्य लिहा. तीन महिन्यांनी बेरीज करा. दुखलेले दिवस पंधराच्या वर आहेत की खाली, गोळीचे दिवस दहाच्या वर आहेत की खाली, हे त्या बेरजेतून कळते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला दोन मिनिटे असतात. "लई दुखतं" याने त्याला काही कळत नाही. "महिन्यात अठरा दिवस दुखले, बावीस गोळ्या खाल्ल्या" हे त्याला लगेच कळते. वहीतला आकडा कुणाला खोटा म्हणता येत नाही.

वहीतून आणखीही काही कळते. पुष्कळ जणींचे दुखणे उपाशीपोटी कामावर गेल्याने, पाणी कमी प्यायल्याने, उन्हात डोके उघडे राहिल्याने किंवा पाळी बदलून रात्रपाळी आल्याने सुरू होते. गरिबाला हे सगळे टाळता येत नाही, आम्ही जाणतो. तरी भाकरीचा तुकडा खाल्ल्याशिवाय घराबाहेर न पडणे आणि झोपेची वेळ शक्यतो एक ठेवणे एवढे तरी जमवावे. कपाळाला डाग देणे, देवऋषाकडे जाणे, बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकणे हे प्रकार अजून कुठे कुठे चालतात. डागाने कातडी जळते, अर्धशिशी जात नाही. हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

काही डोकेदुख्यांत वही लिहीत बसू नये. आयुष्यात कधी नव्हे इतके डोके अचानक फुटल्यासारखे दुखले. ताप आणि मान ताठरणे सोबत आले. बोलणे अडखळले किंवा एक हात-पाय लुळा पडला. डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागले. गरोदरपणात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

खर्चाचा हिशेब

सर्व पायऱ्या करूनही दिवस पंधराच्या वरच राहिले, तर इंजेक्शनाचा विचार जरूर करावा. १५५ युनिटला शंभर युनिटची एक कुपी पुरत नाही, त्यामुळे खासगीत दर खेपेचे बिल पाच आकडी येते, आणि वर्षातून चार खेपा धराव्या लागतात. समजा रोजची मजुरी चारशे रुपये आहे आणि महिन्याचे आठ खाडे वाचले, तर तीन महिन्यांत नऊ हजार सहाशे रुपये वाचतात. नुसत्या मजुरीच्या जमाखर्चात हा व्यवहार बसत नाही. म्हणून सावकाराकडून किंवा बचत गटातून कर्ज काढून हे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी हक्काच्या जागा धुंडाळाव्यात. पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात दिसत असेल तर कामगार विमा रुग्णालयाकडे आधी विचारणा करावी. त्याच योजनेत हप्त्यांची अट पुरी असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते, हे कितीतरी कामगारांना ठाऊकच नसते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना अडारकर समितीने १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. तो हक्क वापरायचा नाही तर मिळवला कशाला? दुसरे म्हणजे, पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे इंजेक्शन भरती न होता देतात, म्हणून सवलत मिळेलच असे धरून चालू नये. पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे आणि लेखी अर्ज द्यावा. तोंडी नकार ऐकून परत येऊ नये.

आता आमच्या भगिनीला थेट उत्तर. ताई, डॉक्टरांनी सुचवले ते थोतांड नाही. ते मान्य झालेले औषध आहे, आणि त्या मात्रेत योग्य हाताने दिले तर त्याची भीती बाळगू नका. पण होकार देण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. माझी डोकेदुखी जुनाट अर्धशिशीच आहे का? माझ्या गोळ्या जास्त झाल्या आहेत का? कोणती तीन प्रतिबंधक औषधे मी पुरते दिवस घेतली? दोन खेपांनी गुण आला नाही तर तुम्ही थांबवाल का? या चारांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर पुढे जा. मिळाली नाहीत तर अजून स्वस्त आणि जवळची वाट शिल्लक आहे, ती आधी चाला.

आणि घरातल्या माणसांना दोन शब्द. ज्या दिवशी तिचे डोके दुखते त्या दिवशी चूल कुणी पेटवायची, लेकराचा डबा कुणी भरायचा, टीव्हीचा आवाज कुणी कमी करायचा, हे ठरवायला डॉक्टर लागत नाही आणि पैसाही लागत नाही. अंधाऱ्या खोलीत दोन तास निवांत पडू देणे हाही उपचारच आहे. तिच्या वहीचा शेवटचा रकाना रोज रात्री पतीने किंवा मुलाने भरावा, म्हणजे महिन्याला किती दिवस ती दुखत असताना कामाला गेली हे त्यांनाही कळेल.